प्रश्न घेऊन कोठे जावे?

गावच्या वाचनालयात दोन वह्या असतात. एक शेरेबुक आणि दुसरी सूचनावही. शेरेबुक कपाटात कुलूपबंद असते. निरीक्षक आले, पुढारी आले, एखादे साहित्यिक पाहुणे आले की ते बाहेर निघते. चहा होतो, पाहुणे चार चांगल्या ओळी लिहितात आणि त्या ओळी वार्षिक अहवालात छापल्या जातात. सूचनावही टेबलाच्या कडेला सुतळीने बांधलेली असते. तिच्यात वाचक लिहितो. पेपर उशिरा येतो, पंखा बंद आहे, पोलीस भरतीची नवी पुस्तके मागवा, अमुक कादंबरीचा दुसरा भाग कोठे गेला? डावीकडे सूचना आणि उजवीकडे 'केलेली कार्यवाही' असे दोन रकाने आखलेले असतात. उजवा रकाना बहुधा कोरा असतो.

हा रकाना कोरा का राहतो, याचा शोध घ्यावा असे आम्हाला वाटले. आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक, बीड जिल्ह्यातील दिंद्रुडचे. ग्रंथालयशास्त्र हा काही आमचा विषय नव्हे. परंतु जे प्रश्न घेऊन माणसाने वाचनालयाची पायरी चढावी, ते प्रश्न आमच्या भागात उर्दू शिक्षकाच्या दारात येतात. ते तेथे कसे पोहोचले हे समजून घ्यायचे तर बरेच मागे जावे लागते, आणि आधी मराठवाड्याच्या बाहेरही.

महाराष्ट्रातील जुनी वाचनालये वर्गणीदारांची. रत्नागिरीचे १८२८ चे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे १८४८ चे. सुरुवातीला इंग्रज अधिकाऱ्यांचे प्रोत्साहन होते, पुढे वकील, शिक्षक, कारकून अशा शिकलेल्या मंडळींनी ती सांभाळली. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने उभे राहिले. अशा संस्थांत वाचक म्हणजे सभासद. तो वर्गणी भरतो, अनामत ठेवतो आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत उभा राहून चिटणीसांना जाब विचारू शकतो. त्याला उत्तर द्यावेच लागते, कारण तो रागावला तर वर्गणी बंद करील. या व्यवस्थेत एक जिवंतपणा होता हे मान्य केले पाहिजे. पण ज्याच्या खिशात वर्गणी नाही त्याला प्रश्नही नाही, ही तिची दुसरी बाजू. शेतमजूर, विणकर, हमाल आणि घराघरांतल्या बायका यांच्या तक्रारी त्या काळच्या इतिवृत्तांत शोधू नयेत. ही माणसे दाराच्या बाहेर होती.

हा हिशेब उलटा केला तो बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणले. तीन वर्षांत मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालये आणि पुस्तकांच्या पेट्या घेऊन जाणारी फिरती ग्रंथालये अशी रचना झाली. पुस्तक हवे असेल तर वाचकाने मागावे आणि संस्थानने ते पोहोचवावे, असा हा विचार होता. येथे वाचकाची मागणी म्हणजे राज्याने करायचे एक काम ठरले. पुढे डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे आणि त्याचा वेळ वाया जाता कामा नये, असा त्यांचा आग्रह होता. ग्रंथपालाने वाचकाजवळ जाऊन त्याला नेमके काय हवे ते समजून घ्यावे, या कामाला संदर्भसेवा म्हणतात. शब्द जड आहे. अर्थ एवढाच की, आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवू नये.

आमच्या वाचकांना एक नाव येथे मुद्दाम सांगायचे आहे, कारण ते आमच्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात नाही आणि ग्रंथालयांच्या कार्यक्रमांतही क्वचितच घेतले जाते. आसफ अली असगर फैजी. मुस्लिम कायद्याचे मोठे अभ्यासक, मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य, पुढे इजिप्तमध्ये भारताचे राजदूत आणि काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू. १९३९ साली मुंबई सरकारने ग्रंथालय विकासासाठी एक समिती नेमली, तिचे अध्यक्ष हेच फैजी. समितीने १९४० साली अहवाल दिला. राज्यासाठी मध्यवर्ती ग्रंथालय, त्याखाली विभागीय, मग जिल्हा, तालुका आणि अगदी खेड्यापर्यंत, अशी सहा टप्प्यांची योजना तिने मांडली. युद्धाच्या धामधुमीत अहवाल पडून राहिला आणि स्वातंत्र्याच्या सुमारास त्यातील काही टप्पे अमलात आले. आज महाराष्ट्रात विभागीय ग्रंथालय, जिल्हा ग्रंथालय हे शब्द आपण सहज वापरतो, त्यांच्या मागे या अहवालाचा मोठा वाटा आहे. फैजींनी आपला इस्माईली हस्तलिखितांचा संग्रह मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दिला. स्वतःच्या घरातले दुर्मीळ इल्म परक्या वाचकाच्या प्रश्नासाठी खुले करणे, याला आम्ही शिक्षक मंडळी फार किंमत देतो.

या शिडीचे मोल वाचकाच्या दृष्टीने पाहावे. खेड्यातल्या वाचनालयात उत्तर नसेल तर तालुक्याला विचारा, तालुक्यात नसेल तर जिल्ह्याला, तेथेही नसेल तर विभागाला. प्रश्नाने खालून वर चढत जायचे आणि उत्तराने वरून खाली यायचे. पुस्तके वरून खाली पाठवणे पुढे जमले. प्रश्न वर पाठवणे मात्र फारसे कोणाला सुचले नाही.

तेव्हा आमचा बीड जिल्हा मुंबई राज्यात नव्हता. तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि येथील प्रवाह वेगळा होता. हैदराबादला १८९१ साली सय्यद हुसेन बिलग्रामी यांच्या पुढाकाराने कुतुबखाना आसफिया सुरू झाला. अरबी, फारसी, उर्दू ग्रंथांचा मोठा साठा तेथे जमला आणि १९३६ साली मुसी नदीच्या काठी त्याची भव्य इमारत उभी राहिली. १९१८ ला उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याच्या आधी एक वर्ष भाषांतर विभाग, दारुत्तर्जुमा, स्थापन झाला. विज्ञान, वैद्यक, कायदा असे विषय उर्दूतून शिकवायचे होते, त्यासाठी पुस्तके तयार होऊ लागली. एका हिंदुस्थानी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो धाडसी प्रयोग होता. पण त्याच वेळी मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य रयतेच्या भाषांना राज्यकारभारात आणि उच्च शिक्षणात जागा मिळाली नाही, हेही तितकेच खरे. म्हणून मराठवाड्यातील मराठी वाचनालये लोकांनी स्वतःच्या हिमतीवर काढली. संस्थानी अमलात ती केवळ पुस्तकांची जागा राहिली नाहीत, भाषा टिकवण्याची जागा झाली. त्या काळी मराठी वाचक सरकारी कुतुबखान्यात आपला प्रश्न घेऊन गेला असता तर त्याला आपल्या भाषेत उत्तर मिळाले असते काय? आमच्या वाडवडिलांच्या भाषेचे राज्य होते म्हणून हा प्रश्न टाळणे आम्हाला बरे वाटत नाही.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर चित्र पालटले. १९५५ साली हैदराबाद राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला आणि आसफिया हे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय बनले. पण पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, मराठवाडा मुंबई राज्यात आला. ग्रंथालय हैदराबादला राहिले, वाचक इकडे आला. शाळांची आणि कचेऱ्यांची भाषा मराठी झाली, आणि ते योग्यच झाले. उर्दूत शिकलेली एक सबंध पिढी मात्र, तीत हिंदू होते, मुसलमानही होते, आपल्या गावात बसून हळूहळू बिनपुस्तकाची झाली. पुस्तकांपेक्षाही अवघड गोष्ट म्हणजे कागद. जमिनीचे, इनामाचे, वारसाचे, दर्ग्याच्या आणि देवळाच्या जमिनींचे कागद उर्दूत होते. ते लोखंडी पेट्यांत राहिले आणि वाचणारे एकेक करून गेले.

महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा, तो १ मे १९६८ पासून अमलात आला. काही राज्यांनी ग्रंथालयासाठी कर बसवला. महाराष्ट्राने तो मार्ग न घेता लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना अनुदान देण्याचा मार्ग घेतला. १९७० च्या नियमांनी अ, ब, क, ड असे वर्ग ठरले. याचा फायदा मोठा झाला. राज्यात बारा हजारांच्या आसपास मान्यताप्राप्त ग्रंथालये उभी राहिली, इतकी खेडोपाडी वाचनालये फार थोड्या राज्यांत असतील. पण अनुदान कशावर मिळते? ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, येणारी दैनिके आणि नियतकालिके, कामाचे तास, व्यवस्थित ठेवलेले दप्तर. दाखल नोंदवहीत पुस्तक चढले पाहिजे, देवघेव दिसली पाहिजे, वाचकांच्या सह्या दिसल्या पाहिजेत. किती वाचकांनी काय विचारले आणि त्यांपैकी किती जणांना उत्तर मिळाले, यावर वर्ग ठरत नाही. म्हणजे वर्गणीदाराच्या जमान्यात चिटणीस खाली बसलेल्या सभासदांना उत्तर देत असे, आता तो वर बसलेल्या कार्यालयाला उत्तर देतो. दोष चिटणिसाचा नाही. ज्याच्याकडून पैसा येतो त्याच्याकडे तोंड करून माणूस बोलतो.

२०१२ साली महसूल खात्यामार्फत राज्यभरातील ग्रंथालयांची पडताळणी झाली. काही वाचनालये केवळ कागदावर आढळली, त्याचा गवगवा झाला. फळीवरची पुस्तके मोजली गेली, कपाटे मोजली गेली. वाचकालाच बोलावून 'तुझे काम येथे होते काय?' असे विचारणे हीदेखील एक तपासणी झाली असती.

आता आमच्या दारात येणाऱ्या प्रश्नांविषयी. ऊसतोडीला जाणारे आई-बाप दसरा-दिवाळीनंतर बिऱ्हाड उचलतात. मागे राहिलेला मुलगा विचारतो, पुस्तक घरी किती दिवस ठेवता येईल? शाळेतली मुलगी विचारते, सर, विज्ञानाचे मराठी शब्द उर्दूत काय होतील, असा कोश कोठे मिळेल? म्हातारे गृहस्थ पिवळा पडलेला कागद घेऊन येतात आणि विचारतात, यात माझ्या आजाचे नाव आहे का? २०२३ साली शासनाने निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची एकाएकी गरज भासू लागली. मराठा समाजातील कितीतरी लोक तेव्हा प्रथमच उर्दू शिक्षकाच्या घरी कागद घेऊन आले. आमच्या ओट्यावर बसून त्यांनी आपल्या पणजोबाचे नाव उर्दूत कसे दिसते ते बोट ठेवून पाहिले.

हे काम दिसते तितके सोपे नाही. आम्ही मुलांना शिकवतो ती नस्तालिक, आणि कागद लिहिलेले असतात घाईच्या शिकस्ता वळणात. त्यात नुक्ते गायब असतात, अक्षरे एकमेकांत मोडलेली असतात. आकडे कधी कधी रकमेच्या खुणांनी लिहिलेले. तारीख फसली सनाची, महिने आजूर, दय, बहमन असे. फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतो, कधी एकाचा फरक पडतो. म्हणजे १३४३ फसली हे १९३३-३४ च्या सुमाराचे. एवढी किल्ली जरी एका कागदावर छापून वाचनालयाच्या भिंतीवर लावली तरी निम्म्या लोकांचा अर्धा प्रश्न सुटेल. जे आम्हाला वाचता येत नाही ते आम्ही वाचत नाही, तसे स्पष्ट सांगतो. जमिनीच्या कागदात अंदाज चालत नाही. एका शब्दावरून दोन भावांची घरे कोर्टात जातात.

गेल्या तीन वर्षांपासून आम्ही शाळेत दोनशे पानी वही ठेवली आहे. तारीख, विचारणाऱ्याचे गाव, प्रश्न, उत्तर, आणि उत्तर नसेल तर कोठे पाठवले. नाव लिहीत नाही, लोकांना संकोच वाटतो. या वहीतले बरेच प्रश्न शाळेचे नाहीतच, ते सार्वजनिक ग्रंथालयाचे आहेत. म्हणून आमच्या भागातील एका अनुदानित वाचनालयाच्या सूचनावहीत आम्ही दोन मागण्या लिहिल्या. एक उर्दू दैनिक सुरू करावे, आणि उर्दू-मराठी शब्दकोश संदर्भासाठी ठेवावा. पुढच्या महिन्यात पाहिले तर नवी वही आली होती आणि जुनी कोठे गेली ते कोणाला सांगता येईना. पुन्हा लिहिले. त्यावर 'उर्दूचे वाचक किती?' असा प्रश्न तोंडी आला. रास्त आहे, पण पुस्तक नसताना वाचक मोजायचे कसे, हेही कोणीतरी सांगावे. आमच्या समाजातील काही मित्र म्हणाले, कशाला त्यांच्या दारात उभे राहता, आपली वेगळी लायब्ररी काढू. वेगळ्या उर्दू लायब्रऱ्यांनी मालेगाव-मुंबईकडे मोठे काम केले आहे, त्याबद्दल आदरच आहे. पण पणजोबाचा कागद घेऊन येणारा मराठा शेतकरी तेथे येईल काय? आणि आमची मुलगी मराठी कादंबरी मागायला जाईल ती कोठे?

शेवटी तिसऱ्यांदा आम्ही रीतसर अर्ज दिला, पोचपावती घेतली आणि सोबत वहीतील प्रश्नांची गोषवाऱ्याची दोन पाने जोडली. त्यातील मराठी आडनावांच्या गावकऱ्यांचे प्रश्न पाहून कार्यकारी मंडळातील एक वयस्कर सभासद थबकले. त्यांच्या घरीही असा एक कागद होता. अर्ज येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवू, असे लेखी उत्तर आले आहे. सभेत बोलायचे तर सभासद असावे लागते. आमच्यापैकी सात शिक्षकांनी आणि चार पालकांनी वर्गणी व अनामत भरली आहे. पावत्या शाळेच्या वहीला टाचून ठेवल्या आहेत.