शलाकामार्गातील घटकांची निवड : तुर्भे येथील दोन यंत्रांच्या निमित्ताने

कणवेगवर्धकाच्या शलाकामार्गाचे गणित मांडताना पहिला प्रश्न पडतो तो निवडीचा. वाटेवरील चुंबक, विद्युत्पट्ट्या व मधली रिकामी अंतरे यांपैकी गणितात काय बदलू द्यावयाचे आणि काय कायम धरावयाचे? हा प्रश्न आज संगणकावर सोडविला जातो. त्याचे मूळ मात्र यंत्रात आहे, हे तुर्भे येथे चांगले कळते. (खाडीपलीकडे नवी मुंबईतही तुर्भे आहे, येथे अभिप्रेत आहे ते भाभा अणुसंशोधन केंद्राचे.)

१९६० च्या दशकाच्या प्रारंभी तेथे ५.५ दशलक्ष व्होल्टचा व्हॅन डी ग्राफ वेगवर्धक उभा राहिला. पुढे त्याच्याच जागी ६ दशलक्ष व्होल्टचा ‘फोटिया’ बांधण्यात आला. २००० साली त्यातून पहिली शलाका मिळाली. यात ऋण आयन उच्चदाबाच्या अग्राशी पोचले की त्यांचे इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात आणि १८० अंशांचा चुंबक त्यांस माघारी वळवितो. इलेक्ट्रॉन किती गेले यावर आयनाचा भार ठरतो, व असे अनेक भार एकाच वेळी निर्माण होतात. चुंबक त्यांतील एकासच वाट देतो. म्हणजे पहिली निवड चुंबकाचीच. गणकाने तोच भार धरून पुढील घटक मांडावयाचे. शिवाय त्या चुंबकाची त्रिज्या अग्रातील जागेने बांधलेली असते. बदलता येते ते क्षेत्र.

नेमका हा भेद गणनेच्या भाषेत कसा उतरला, हे १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड येथे कार्ल ब्राउन व सहकारी यांनी रचलेल्या ‘ट्रान्सपोर्ट’ या आज्ञावलीत दिसते. तीत घटकास नाव नव्हे, अंक असे: ३ म्हणजे रिकामे अंतर, ४ म्हणजे वळणचुंबक, ५ म्हणजे चतुर्ध्रुवी चुंबक. दशांशचिन्हापुढील अंक काय मोकळे सोडले ते सांगे, ५.०१ लिहिले की चतुर्ध्रुवाचे क्षेत्र बदलू शके. दोन चुंबकांस एकच वरचा अंक दिला, तर ते जोडीने बदलत, जणू एकाच वीजपुरवठ्यावर आहेत. रीत रूक्ष खरी. पण लिहिणाऱ्यास प्रत्येक घटकाचा विचार करावाच लागे.

सर्नच्या ‘मॅड’ या आज्ञावलीने नावे आणली. तिच्या ‘मॅड-एक्स’ या रूपात वर्ग, पल्ला वा नावातील अक्षरांचा साचा सांगून शेकडो घटक एका ओळीत निवडता येतात. सोय मोठी, आणि धोकाही. ‘क्यूएफ१’ हा साचा शेवट न बांधता दिला, तर ‘क्यूएफ१०’ पासून ‘क्यूएफ१९’ पर्यंतची नावेही त्यात सापडतात. आधीची निवड पुसली नाही, तर नवी तिच्यातच मिसळते. आज्ञावली तक्रार करीत नाही, उत्तरही देते. विद्यार्थ्यांच्या चुका बहुधा येथेच लपतात, असे मला वाटते.

तुर्भ्याचे दुसरे यंत्र, ‘लेहिपा’, प्रोटॉनांस प्रथम ३ आणि मग २० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेपर्यंत नेण्यासाठी रचलेले आहे. त्याच्या शेवटच्या विभागात वाहनलिकांच्या पोटात चतुर्ध्रुव बसविले आहेत, ते कायमच्या चुंबकांचे. आराखडा चालू असताना त्यांची तीव्रता मोकळी सोडणे योग्यच. यंत्र जुळल्यावर मात्र तोच आकडा गणितात मोकळा राहिला, तर शलाका कागदावर उत्तम जुळते, आणि त्या उत्तराप्रमाणे फिरविण्यास नियंत्रणकक्षात एकही खुंटी नसते. शलाका जुळवावयाची ती त्या विभागाच्या अलीकडील, विजेवर चालणाऱ्या चुंबकांनीच.