पुसण्याच्या कळीचा इतिहास

महानुभावांच्या सकळ लिपीचे मर्म असे, की पानावर दिसणारे चिन्ह जसेच्या तसे वाचावयाचे नसते. किल्लीत त्याच्या जागी जे अक्षर ठरले असेल, ते वाचावयाचे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरशी जोडलेल्या या पंथाच्या कितीतरी पोथ्या विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बाहेरच्या वाचकास त्यामुळेच बंद होत्या. आमचा आजचा विषय यांत्रिक असला, तरी पेच त्याच जातीचा आहे.

अकोल्यात बसून दूरच्या सर्व्हरवर टर्मिनलमधून काम करावे, चुकलेले अक्षर पुसण्यासाठी बॅकस्पेस दाबावी, आणि अक्षर तसेच राहून पुढे टोपीसारखी खूण व रोमन एच उमटावा! कळफलक बिघडलेला नसतो. कळ अक्षर पाठवीत नाही, आकडा पाठविते. त्याचा अर्थ पलीकडचे यंत्र आपल्या किल्लीने लावते.

१९६७ च्या आस्की संकेतात ८ म्हणजे एक घर मागे, आणि १२७ म्हणजे खोडणे. हा १२७ कागदी फितीच्या काळचा. फितीवर पाडलेले छिद्र बुजविता येत नसे; म्हणून चुकलेल्या जागी सातही छिद्रे पाडीत आणि ती जागा वाचताना वगळीत. पुसणे म्हणजे येथे सारे भरून टाकणे होते, हे आम्हांस मोठे अर्थपूर्ण वाटते. १९७८ च्या व्हीटी-१०० वर या दोन आकड्यांच्या दोन स्वतंत्र कळा होत्या. १९८३ च्या व्हीटी-२२० ने पुसण्याच्या कळीस १२७ दिला. १९८१ च्या आयबीएम पीसीवर मात्र बॅकस्पेस म्हणजे ८. लिनक्सने पुढे बहुधा १२७ स्वीकारला. त्यास कारणही होते: ईमॅक्स या संपादकात ८ म्हणजे मदतीची हाक, पुसू जावे तो मदतीचे पान उघडे.

निदान सोपे आहे. कंट्रोल-व्ही दाबून मग बॅकस्पेस दाबावी. टोपी व प्रश्नचिन्ह दिसल्यास १२७, टोपी व एच दिसल्यास ८. मग एसटीटीवाय या आज्ञेने सर्व्हरला पुसण्याचा आकडा सांगावा, किंवा पुटीसारख्या प्रोग्रॅममध्ये आपल्याच बाजूची कळ बदलावी. अनेक सर्व्हरवर काम असेल, तर आम्ही दुसरा मार्ग पसंत करू. बाणांच्या कळा मात्र एका आकड्याने भागवीत नाहीत. त्या चिन्हांची मालिका पाठवितात, आणि तिचा अर्थ टर्म या चलात लिहिलेल्या टर्मिनलच्या नावावरून लागतो. तेथे खोटे नाव लिहून वेळ मारून नेली, की एका प्रोग्रॅममध्ये बाण चालतात आणि दुसऱ्यात नुसती अक्षरे सांडतात.