अक्षर दिसते, पण वाचवत नाही

एडुआर्ड फॉन येगर या व्हिएन्नातल्या नेत्रतज्ज्ञाने १८५४ मध्ये वाचनाच्या उताऱ्यांचा एक संच छापला. सरकारी छापखान्यात जेवढ्या आकारांचे खिळे होते तेवढे त्याने घेतले आणि बारीकपासून ठळकपर्यंत क्रम लावून प्रत्येक आकारात एकेक उतारा जुळवला. रुग्णाने कार्ड हातात धरायचे आणि वाचवेल तिथपर्यंत वाचत जायचे. चाळिशीचा चष्मा ठरवायला ही पद्धत इतकी सोयीची होती, की येगरच्या नावाचे क्रमांक आजही जवळच्या चष्म्याच्या कार्डांवर दिसतात. दोष एकच, पण मोठा होता. दुसऱ्या शहरातल्या छापखान्यात तेच कार्ड छापले की तिथले खिळे वेगळे असत, आणि एकाच क्रमांकाचा आकार गावोगाव बदलत जाई.

हा घोळ युट्रेक्टच्या हर्मान स्नेलनने १८६२ मध्ये मिटवला. ठरावीक अंतरावरून डोळ्याशी पाच कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कोन करेल एवढे अक्षर, हे त्याचे माप. ६/६ किंवा ६/६० हे आकडे या मापातूनच आले. स्नेलनच्या तक्त्यावर शब्द नाहीत, सुटी अक्षरे आहेत, आणि ती मुद्दाम तशी ठेवलेली आहेत. शब्द असला की माणूस अंदाज बांधतो, सुट्या अक्षरात अंदाजाला वाव कमी. डोळा मोजण्यासाठी हा विचार बिनचूक होता, पण त्यामुळे वाचन तपासणीच्या खोलीबाहेर गेले. तक्त्यावरच्या बऱ्याच ओळी वाचणारा माणूस वर्तमानपत्रापुढे का अडतो, याचे उत्तर त्या आकड्यांत नव्हते, आणि पुढची शंभर वर्षे ते फारसे कुणी मागितलेही नाही.

पॅरिसचा एमिल जावाल याला अपवाद होता. १८३९ मध्ये जन्मलेला हा गृहस्थ आधी खाणकामाचा अभियंता होता, मग डॉक्टर झाला. वाचताना नजर ओळीवरून अखंड सरकत जाते असे तोवर धरून चालत. ती टप्प्याटप्प्याने उड्या घेते आणि दोन उड्यांच्या मधल्या थांब्यातच वाचन होते, हे १८७८-७९ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्याच्या लेखमालेमुळे नेत्रतज्ज्ञांपुढे आले. रोमन लिपीत अक्षरांच्या खालच्या अर्ध्या भागापेक्षा वरचा अर्धा भाग ओळख जास्त सांगतो, असेही त्याने दाखवले. शाळेच्या वर्गातला उजेड, पुस्तकातल्या ओळींची लांबी, खिळ्यांची घडण या गोष्टी वैद्यकाच्या कक्षेत येतात असे मानणारा तो त्या काळातला विरळा डॉक्टर. पुढे काचबिंदूने त्याचीच नजर गेली आणि १९०० पर्यंत तो पूर्ण आंधळा झाला. १९०३ मध्ये त्याने प्रौढ वयात दृष्टी गमावलेल्यांसाठी व्यवहारी सल्ल्याचे पुस्तक लिहिले आणि १९०५ मध्ये वाचन-लेखनाच्या शरीरशास्त्रावरचा आपला मुख्य ग्रंथ प्रसिद्ध केला. वाचनाच्या शास्त्राचा हा पायाभूत ग्रंथ बाहेर आला तेव्हा त्याच्या लेखकाला तो वाचता येत नव्हता.

शब्दाचा अभ्यास दुसरीकडे, मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांत चालला होता. लाइपझिगला मानसशास्त्रज्ञ वुंटच्या हाताखाली काम करणाऱ्या जेम्स कॅटेल या अमेरिकन तरुणाने १८८५-८६ मध्ये दाखवले, की ओळखीचा छोटा शब्द ओळखायला सुट्या अक्षराइतकाच वेळ लागतो. म्हणजे वाचणारा अक्षरे एकामागून एक जोडत बसत नाही. एडमंड ह्यूईने १९०८ मध्ये तोवरचे सगळे काम एका ग्रंथात आणले. १९५१ मध्ये हाउज आणि सॉलोमन यांनी छापील मजकुरात एखादा शब्द किती वेळा येतो याचा हिशेब प्रयोगाशी जोडला. नेहमीचा शब्द क्षणभर दिसला तरी कळतो, विरळ शब्द जास्त वेळ दाखवावा लागतो. पुढे नजरेच्या नोंदींतही हेच आढळले. छोट्या, सरावाच्या शब्दांवरून नजर पुष्कळदा न थांबताच पुढे जाते, लांब आणि अनोळखी शब्दांवर ती रेंगाळते. मात्र हे सारे प्रयोग निरोगी डोळ्यांवर झाले होते.

अधू डोळ्यांच्या वाट्याला त्या काळात आली ती वाचनबंदी. डोळे वापरले की झिजतात, ही समजूत डॉक्टरांचीही होती. लंडनमध्ये १९०८ पासून आणि अमेरिकेत बॉस्टन व क्लीव्हलंड इथे १९१३ पासून कमी दिसणाऱ्या मुलांचे वेगळे वर्ग निघाले. शिकवणे तोंडी, लिहिणे फळ्यावर मोठ्या अक्षरांत आणि पुस्तक शक्य तेवढे लांब, अशी तिथली रीत. हेतू दयाळू होता, परिणाम उलटा झाला. ज्या मुलांना वाचनाचा सराव सर्वांत जास्त हवा होता, त्यांचाच तो काढून घेतला गेला. अमेरिकेत नॅटली बारागा यांनी १९६४ मध्ये अशा मुलांना पद्धतशीर पाहण्याचा सराव दिला. तक्त्यावरचा आकडा बदलला नाही, पण आहे त्या नजरेचा उपयोग मुले कितीतरी चांगला करू लागली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ फ्रेडरिक थॉर्प यांनी मोठ्या टाइपातली पुस्तके काढायला सुरुवात केली.

दृष्टीतला दोष शब्दाच्या नेमक्या कोणत्या भागाला धक्का देतो, हा प्रश्न हँबुर्गच्या हर्मान विल्ब्रांट यांनी जावालच्या मृत्यूच्या वर्षीच, १९०७ मध्ये, हाताळला होता. मेंदूला इजा होऊन दोन्ही डोळ्यांची अर्धी बाजू गेलेले रुग्ण त्यांनी तपासले. डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या लिपीत उजवी बाजू गेली तर शब्दाचा शेवट आणि पुढचा शब्द दोन्ही नाहीसे होतात, म्हणून वाचन फार रखडते. डावी बाजू गेली तर ओळीची सुरुवात सापडत नाही, पण सापडली की गाडी बरी चालते.

मधली नजर गेली तर काय होते, ते संगणक आल्यावर कळले. मॅकॉन्की आणि रेनर यांनी १९७५ मध्ये नजरेबरोबर सरकणारी ‘खिडकी’ पडद्यावर तयार केली, जिच्यातलाच मजकूर वाचता येई. १९७९ मध्ये रेनर आणि बर्टेरा यांनी ती उलटी केली आणि नजर जिथे पडेल तिथलीच अक्षरे झाकली. सात अक्षरे झाकताच धडधाकट वाचकांचेही वाचन जवळपास थांबले. दृष्टिपटलाचा मध्यबिंदू झिजलेल्या वृद्धांची हीच अवस्था असते. ते आडनजरेने पाहतात, आणि आडनजरेत अक्षर मोठे करूनही पुरत नाही. हर्मान बौमा यांनी १९७० मध्ये मोजले होते, की नजरेच्या केंद्रापासून दूर शेजारची अक्षरे एकमेकांत मिसळतात, आणि जितके दूर जावे तितकी जास्त मोकळी जागा त्यांना लागते. त्यामुळे एका थांब्यात थोडीच अक्षरे हाती लागतात. चार अक्षरांचा शब्द एका घासात जातो, दहा अक्षरांच्या शब्दाचे तुकडे करावे लागतात. मग माणूस ओळखीच्या शब्दाचा आधार घेऊन अंदाज बांधतो. शब्द नेहमीचा असेल तर अंदाज बरोबर येतो, विरळ असेल तर त्याच्यासारखा दिसणारा नेहमीचा शब्द तोंडून निघतो.

तक्त्यांमध्ये शब्द परतला तो याच सुमारास. मेलबर्नमध्ये बेली आणि लवी यांनी १९७६ मध्ये अक्षरांचा शास्त्रशुद्ध तक्ता केला आणि १९८० मध्ये शब्दांचा, ज्यात चार, सात आणि दहा अक्षरांचे, एकमेकांशी संबंध नसलेले शब्द घातले. संदर्भावरून ओळखण्याची वाट त्यांनी बंद केली. मिनेसोटा विद्यापीठातल्या गॉर्डन लेग यांनी १९८५ पासून वाचनाच्या वेगावर शोधनिबंधांची मालिका लिहिली, आणि त्यांच्या गटाने १९८९ मध्ये उलट वाट धरून अर्थपूर्ण वाक्यांची चाचणी तयार केली. तिच्यावरून पुढे झालेल्या तक्त्यात प्रत्येक वाक्य साठ अक्षरजागांचे असते आणि शब्द प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या ओळखीचे असतात. लेग स्वतः अल्पदृष्टी आहेत. जेमतेम दिसणारा आकार आणि भरभर वाचवणारा आकार यांत मोठे अंतर असते, हे या मोजणीतून पक्के झाले.

हे सगळे मोजमाप रोमन लिपीतले आहे आणि देवनागरीला ते जसेच्या तसे लागू होत नाही. मराठीत विभक्ती शब्दाच्या शेवटी चिकटते, म्हणून ‘गावाबाहेरच्यांनासुद्धा’ हा एकच शब्द होतो आणि नेमका अर्थ त्याच्या शेपटाकडे असतो. वेलांटी, मात्रा, रफार शिरोरेषेच्या वर, उकार अक्षराखाली, आणि जोडाक्षरात सगळी दाटी. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, त्यामुळे पानावरची टिंबे कमी झाली, पण उरलेले प्रत्येक टिंब कामाचे ठरले. अधू नजरेला ‘धन’ आणि ‘घन’, ‘भाग’ आणि ‘माग’ सारखेच भासतात, आणि अनुस्वार तर सर्वांत आधी पुसला जातो. मराठी वाचकाची नजर तपासायची तर अक्षरे मोजून इंग्रजी वाक्यांचे भाषांतर करण्यात अर्थ नाही. ‘घरात’ आणि ‘घरांत’ हे दोन शब्द ज्या तक्त्यावर शेजारीशेजारी असतील, तो तक्ता मराठीसाठी खरा.