‘टेक ऑफ’ आणि आपले ‘काढणे’

‘मॅक्बेथ’ मी प्रथम वाचले ते नोकरी लागल्यावर, जुन्या बाजारातल्या प्रतीतून, शेजारी कोश ठेवून. पहिल्या अंकाच्या शेवटी डंकन राजाच्या खुनाला मॅक्बेथ ‘टेकिंग ऑफ’ म्हणतो. माझ्या डोक्यात ‘टेक ऑफ’ म्हणजे विमानच! मला वाटले, छपाईची चूक असावी.

विमानाचा अर्थ या क्रियापदाला विसाव्या शतकात चिकटला. त्याआधी उडी घेताना जिथून पाय उचलायचा, त्या जागेला ‘टेक ऑफ’ म्हणत. रोस्टो या अर्थशास्त्रज्ञाने १९६० साली आर्थिक वाढीच्या तिसऱ्या अवस्थेला तेच नाव दिले. आपल्याकडे तिची ‘उड्डाणावस्था’ झाली.

सॅम्युअल जॉन्सनचा कोश १७५५चा. क्रियापदाला शेपूट जोडून अर्थ बदलण्याची ही रीत परक्यांना फार जड जाते, असे तो प्रस्तावनेत म्हणतो. उदाहरणांत ‘टेक ऑफ’ आहे आणि अर्थ दिला आहे नक्कल करणे. हा अर्थ पुढे त्याच्याच अंगाशी येऊ पाहत होता. सॅम्युअल फूट हा नट नामांकितांच्या नकला करी. तो रंगमंचावर आपल्याला ‘टेक ऑफ’ करणार, असे जॉन्सनच्या कानी आले. टॉम डेव्हिस या पुस्तकविक्रेत्याकडे त्याने ओकच्या काठीचा भाव विचारला. सहा पेन्स, असे कळताच एका शिलिंगाची, म्हणजे दुप्पट किमतीची, काठी आणायला सांगितले. फूटने बेत सोडला. ही हकिगत बॉस्वेलने लिहून ठेवली आहे.

परक्यांना जड, हे खरे. पण मराठी माणूस इथे तितकासा परका नाही, असे माझे मत आहे. आपण सदरा काढतो, दस्तऐवजाची प्रत काढतो, शत्रूचा काटा काढतो आणि अंगावर आले की पळ काढतो. कपडे, नक्कल, खून, पलायन : ‘टेक ऑफ’चे चारही अर्थ एका ‘काढणे’त! कुणी कुणाकडून उसने घेतलेले दिसत नाही. होत्या जागेवरून सुटे करणे, ही मुळातली कल्पनाच दोन्हीकडे सारखी. फरक एवढाच, की मराठीत ‘प्रत’, ‘काटा’, ‘पळ’ हे शब्द शेजारी उभे राहून अर्थ सांगतात. इंग्रजीत ‘ऑफ’ तेच राहते आणि अर्थ मागच्यापुढच्या वाक्यांतून हुडकावा लागतो. मी अडखळलो तो तिथेच.

विमान तेवढे ‘काढणे’त बसत नाही. पण फूट जे करणार होता, त्याला आपण टर उडवणे म्हणतोच.