वार्धक्य आणि लस

लस टोचणे हे मुलांपुरतेच आहे, अशी आपली जुनी समजूत आहे. तिला इतिहासाचा आधारही आहे. १७९६ साली एडवर्ड जेन्नर याने देवीची लस प्रथम टोचली ती जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ती लागू पडली ती अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. पुढे गावोगाव देवी काढणारे हिंडू लागले, तेव्हा मुलांचेच दंड पुढे होत. आजोबा ओसरीवरून पाहत बसत.

एकदा देवी काढल्या की जन्माची निश्चिंती झाली, असे खुद्द जेन्नरलाही वाटे. अनुभवाने हा विश्वास ढळला. संरक्षण कालांतराने क्षीण होते, हे ध्यानी आल्यावर जर्मनीने १८७४ च्या कायद्याने बाराव्या वर्षी पुन्हा लस टोचणे सक्तीचे केले.

गोवराची कथा निराळी. फेरो बेटांवर १७८१ नंतर पासष्ट वर्षे गोवर फिरकला नव्हता. १८४६ साली तो आला आणि सुमारे ७,८०० वस्तीपैकी सुमारे ६,००० माणसे आजारी पडली. पीटर पानुम या पंचवीस वर्षांच्या डॅनिश डॉक्टराने घरोघर चौकशी केली. बालपणी गोवर होऊन गेलेल्या एकाही वृद्धाला तो पुन्हा झाला नव्हता; ज्यांना पूर्वी झाला नव्हता, त्यांना मात्र वयाने वाचविले नाही. शरीराची स्मृती दीर्घ असते खरी. परंतु पिकलेले केस म्हणजे ढाल नव्हे.

शिवाय सर्वच रोग गोवरासारखे नसतात. इन्फ्लुएन्झाचा विषाणू रूप पालटतो, आणि वृद्ध शरीर नव्या रूपास सावकाश ओळखते. म्हणूनच १९५७ च्या साथीनंतर, १९६० साली, अमेरिकेच्या सर्जन जनरलने पासष्टीपुढील माणसांना ही लस घेण्याची शिफारस केली. बालपणीच्या कांजिण्यांचा विषाणू तर मज्जातंतूंत दडून राहतो आणि उतारवयात नागीण होऊन उठतो. त्यावरील पहिली लस अमेरिकेत २००६ साली मान्य झाली.

कोविडच्या साथीत हा जुना क्रम उलटला. ८ डिसेंबर २०२० रोजी इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे पहिली लस मिळाली ती नव्वद वर्षांच्या वृद्धेला. भारतात १ मार्च २०२१ पासून साठीपुढील नागरिकांची पाळी आली, तरुणांची नंतर. ओसरीवरचे आजोबा प्रथमच रांगेत पुढे उभे राहिले.

साथ ओसरली, तो धडा मात्र विसरता कामा नये. नातवाच्या लसींच्या तारखा ज्या घरात जपून ठेवल्या जातात, त्या घराने आजीच्या लसीविषयीही डॉक्टरांना विचारावे. वार्धक्यातील प्रत्येक दुखणे वयाच्या खात्यावर मांडून स्वस्थ बसण्याचे दिवस आता गेले आहेत.