मॅट्रिकचा उंबरठा आणि जैन बोर्डिंग

आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी दानाची चार रूपे आपल्या आचार्यांनी सांगितली आहेत. मंदिरांचे जीर्णोद्धार, पंचकल्याणक महोत्सव, पांजरपोळ, धर्मशाळा या कार्यांत महाराष्ट्रातील जैन समाजाने कधीही हात आखडता घेतला नाही. ज्ञानदानाचा अर्थ मात्र दीर्घकाळ शास्त्रांच्या प्रती लिहवून घेणे आणि पाठशाळा चालविणे एवढाच मानला गेला. एखाद्या शेतकऱ्याच्या किंवा किराणा दुकानदाराच्या मुलाला इंग्रजी शाळेच्या शेवटच्या वर्गातून महाविद्यालयाच्या दारापर्यंत नेऊन पोचविणे हेही ज्ञानदानच होय, हा विचार समाजात रुजण्यास एकोणिसावे शतक संपावे लागले. आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत या विचाराचा इतिहास नोंदविला जावा, हे सर्वथा उचित आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. आज आपण मॅट्रिक म्हणजे शाळेचा शेवट असे समजतो. परंतु मूळ कल्पना नेमकी उलट होती. मॅट्रिक ही विद्यापीठाने घेतलेली प्रवेश परीक्षा होती. तिचा निकाल म्हणजे महाविद्यालयात पाऊल ठेवण्याचा परवाना. त्यानंतर प्रीव्हियस, इंटर आणि मग बी.ए. अशी शिडी होती. या परीक्षेचा खरा अडसर इंग्रजीचा होता. गावातील मराठी शाळेत हुशार ठरलेला मुलगा इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेपुढे हतबल होई. त्याच्या घरी त्याला शिकविणारे तर राहोच, पण कोणत्या महाविद्यालयात कोणता विषय शिकवितात, फी किती, टर्म कधी सुरू होते, हे सांगू शकणारेही कोणी नसे.

जैन मुलापुढे याशिवाय आणखी एक अडचण उभी असे, आणि ती अगदी साधी, पोटाची होती. पुण्या-मुंबईत शिकणारे गरीब ब्राह्मण विद्यार्थी माधुकरी मागून किंवा वार लावून जेवत. ती प्रथा त्यांच्या समाजात मान्य होती. जैन मुलाला तो मार्ग खुला नव्हता. सूर्यास्तापूर्वीचे जेवण, कंदमुळांचा त्याग, गाळलेले पाणी हे नियम खाणावळीत कोण पाळणार? आईवडिलांना मुलगा नापास होण्याचे जेवढे भय होते, त्याहून अधिक भय तो शहरात जाऊन आचार सोडेल याचे होते. इंग्रजी शिकला की धर्म सुटतो, असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना आज हसणे सोपे आहे. पण त्यांच्या शंकेला कोणी उत्तर दिले नव्हते, हेही तितकेच खरे. ते उत्तर बोर्डिंगने दिले.

बोर्डिंगच्या कार्यात सर्वप्रथम नाव घ्यावे लागते ते दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांचे. मोत्यांच्या व्यापारात मिळविलेल्या संपत्तीचा मोठा भाग त्यांनी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांकडे वळविला. पित्याच्या स्मरणार्थ मुंबईत त्यांनी स्थापन केलेले हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग हे त्या काळी दूरवरच्या गावांतून आलेल्या मुलांचे हक्काचे घर ठरले. दक्षिणेत हेच कार्य १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने हाती घेतले. सभेच्या अग्रणींपैकी अण्णासाहेब लठ्ठे हे स्वतः एम.ए., एल्एल.बी. झालेले. ते पुढे कोल्हापूरचे दिवाण आणि १९३७ च्या मंत्रिमंडळात मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. आपल्या समाजातील एक मुलगा एवढा शिकू शकतो, हे त्यांच्याकडे बोट दाखवून सांगता येत असे, आणि अशा जिवंत उदाहरणाचे मोल व्याख्यानांपेक्षा अधिक असते.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय लाभला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून महाराजांनी निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना जे प्रोत्साहन दिले, त्या मालिकेत जैन बोर्डिंगही होते. कोल्हापूरला पुढे वसतिगृहांची जननी म्हटले गेले, ते उगाच नव्हे. राजाराम हायस्कूल आणि राजाराम कॉलेज दोन्ही याच शहरात असल्याने शाळेत शिकणारा मुलगा आणि महाविद्यालयात शिकणारा मुलगा एकाच पंगतीस बसत. माझ्या मते बोर्डिंगची खरी किमया याच पंगतीत होती. वरच्या वर्गातील विद्यार्थी खालच्याला आपली जुनी पुस्तके देई, फॉर्म भरण्यास मदत करी, इंटरला गणित घ्यावे की नको हे स्वतःच्या अनुभवाने सांगे. ज्याच्या घराण्यात कोणी कॉलेज पाहिले नव्हते, त्याला अचानक वीस-पंचवीस थोरले भाऊ मिळत. देणगीच्या हिशेबात ही गोष्ट कोठेच लिहिलेली नसते.

मात्र इतिहास लिहिताना गौरवाचीच बाजू सांगून चालणार नाही. याच कोल्हापूरच्या बोर्डिंगमध्ये कुंभोज येथे १८८७ मध्ये जन्मलेला भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी राहत होता. अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास तो गेला आणि परतल्यावर स्नान करून शुद्ध होण्याचा नियम त्याने मानला नाही, म्हणून त्याला बोर्डिंग सोडावे लागले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. भाऊराव स्वतः महाविद्यालयाची पायरी चढले नाहीत. परंतु १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र स्वयंपाक करून एकत्र जेवू लागली. १९४७ मध्ये तेथेच छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. कमवा आणि शिका या योजनेने फीचा प्रश्न श्रमातून सोडविला. आचार जपण्यासाठी उभारलेल्या बोर्डिंगने ज्याला बाहेर काढले, त्यानेच बोर्डिंगची कल्पना महाराष्ट्रभर नेली, हे आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

श्वेतांबर समाजात हाच विचार आचार्य विजयवल्लभसूरीश्वरजी महाराजांच्या प्रेरणेने पुढे आला. १९१५ साली मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय सुरू झाले. ते शाळेतील मुलांसाठी नव्हते, तर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी होते, आणि त्याच्या रचनेतील एक गोष्ट आजही विचार करण्याजोगी आहे. गरजू विद्यार्थ्याला दिलेले साहाय्य कर्ज म्हणून दिले जाई आणि नोकरी-व्यवसायास लागल्यावर त्याने ते फेडावे, अशी अपेक्षा असे. यामुळे विद्यार्थ्याची मान खाली जात नसे, आणि फेडीच्या रकमेतून पुढच्या मुलाची सोय होई. याचकवृत्तीचा प्रश्नच उरला नाही.

मुलींच्या बाबतीत समाज फार उशिरा जागा झाला. शेठ माणिकचंदांच्या कन्या मगनबाई यांनी मुंबईत श्राविकाश्रमाच्या द्वारे आणि सोलापुरात पंडिता सुमतिबाई शहा यांनी श्राविका संस्थेच्या द्वारे केलेले कार्य थोर आहे. परंतु मुलाला बोर्डिंगला पाठविणारे घर मुलीला पाठविण्यास पुढेही अनेक वर्षे कचरले, हे आपल्या घरातील आजींना विचारल्यास कळेल.

१९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि जुनी अकरावीची मॅट्रिक मागे पडली. १९८३ नंतर विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये जिल्ह्याजिल्ह्यांत निघाली. घराजवळच महाविद्यालय आल्याने अनेक बोर्डिंगांतील खोल्या पूर्वीसारख्या भरेनात. अनेकांनी त्यावरून बोर्डिंगचे कार्य संपले असा निष्कर्ष काढला. तो घाईचा होता. खाटा रिकाम्या झाल्या, तरी पंगतीतील थोरल्या भावाची गरज कायम राहिली, किंबहुना वाढली. वैद्यकीय प्रवेशासाठी देशभर एकच नीट परीक्षा २०१६ पासून अखंड होत आहे. अकरावीचा ऑनलाइन प्रवेश मुंबईत २००९ साली सुरू झाला आणि २०२५ मध्ये तो साऱ्या राज्यास लागू झाला. त्यात विद्यार्थ्याने दहापर्यंत महाविद्यालयांचा पसंतीक्रम स्वतः लावायचा असतो. क्रम चुकला तर चांगले गुण असूनही नको ते महाविद्यालय पदरी पडते.

अशा वेळी आपल्या बहुतेक संस्था काय करतात? निकाल लागल्यावर गुणवंतांचा सत्कार करतात. शाल, श्रीफळ, प्रशस्तिपत्र आणि छायाचित्र. सत्कार अवश्य व्हावा, त्याने मुलांना हुरूप येतो. पण पंचाण्णव टक्के मिळविणाऱ्याला वाट बहुधा ठाऊक असते. साठ टक्क्यांच्या मुलाला, ज्याचे वडील खेड्यात छोटे दुकान चालवितात, त्याला ती निकालाच्या आधी कोणी दाखवावी लागते.

एक उदाहरण देतो. २७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र शासनाने जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. त्यामुळे जैन अल्पसंख्याक संस्थांतील राखीव जागा व शासकीय शिष्यवृत्ती यांसाठी धर्माची नोंद महत्त्वाची ठरली. परंतु आपल्या कित्येक मुलांच्या शाळेच्या नोंदवहीत धर्म ‘हिंदू’ आणि जात ‘जैन’ असे लिहिलेले आढळते. जुन्या काळी शिक्षकांनी विचारले, पालकांनी सांगितले, आणि तसेच राहिले. मूल शाळेत असेपर्यंत ही दुरुस्ती मुख्याध्यापकांमार्फत तुलनेने सुलभ असते. शाळा सोडल्याचा दाखला हाती पडल्यावर तीच बिकट होते, आणि पालकांच्या हे लक्षात येते ते प्रवेशाच्या मुदतीला चार दिवस उरले असताना.

म्हणून नववीच्या वर्षीच आपल्या गावातील प्रत्येक जैन विद्यार्थ्याच्या शाळेतील नोंदी तपासणे, उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला आधीच काढून ठेवणे, आणि मे-जून महिन्यांत ट्रस्टच्या कार्यालयात एक टेबल मांडून तेथे समाजातीलच दोन-तीन महाविद्यालयीन विद्यार्थी-विद्यार्थिनींना अर्ज भरून देण्यास बसविणे, एवढे कार्य येत्या वर्षापासून सुरू व्हावे, अशी विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे. यास नवी इमारत लागत नाही. संध्याकाळचे दोन तास, एक संगणक आणि गेल्या वर्षी स्वतः त्याच रांगेतून गेलेली मुले असली म्हणजे पुरे.