मोडीचं सोनं

सोनं विकलं असं आमच्याकडे सहसा कुणी म्हणत नाही, ‘मोडलं’ म्हणतात. लिंबागणेशमध्ये कुणी बोरमाळ मोडली की पाठोपाठ कारणही कळतं: बोअर घ्यायचं होतं, पोरीचं लग्न होतं, दवाखाना लागला. विकणारा भाव बघून विकतो. मोडणारा नडलेला असतो. आणि नडलेल्या माणसाचं सोनं किती शुद्ध, हे घेणाऱ्यानं ठरवायचं, असा या व्यवहाराचा जुना रिवाज.

तो ठरवायचा कसोटीवर. काळ्या दगडावर दागिना घासायचा, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढायची आणि वर तेजाब लावायचं. हलकी रेघ आधी विरते. पद्धत खोटी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही कसोटीचा आणि सोनारांच्या हातचलाखीचा सविस्तर विचार आहे. अडचण एवढीच की रेघ वाचणारा डोळा घेणाऱ्याचा. “मावशी, डाग लय हाय याच्यात,” असं तो म्हणाला की मावशी काय बोलणार? डाग म्हणजे सांधे जोडायला वापरलेलं हलकं सोनं. बोरमाळेच्या मण्यांत तर लाखही भरलेली असते. म्हणून घट कापणं रास्तच, पण किती कापायची ते दुकानदाराच्या तोंडावर. २० ग्रॅमचा बावीस कॅरेटचा दागिना वीस कॅरेटचा म्हणून घेतला, तर दीड ग्रॅमहून जास्त शुद्ध सोनं नुसत्या बोलण्यात जातं. त्यामुळे जिथून घेतलं तिथंच मोडायचं, अशी रीत पडली. पावती हरवली की तीही सोय गेली.

यावरचा एक जुना उपाय बायकांच्या गळ्यातच होता: पुतळ्यांची माळ. पुतळी म्हणजे मूळचं व्हेनिसचं सोन्याचं नाणं, डुकॅट. व्यापारातून ते इकडे आलं आणि त्यावरच्या आकृत्यांमुळे पुतळी झालं. टांकसाळीच्या नाण्याचा कस बाजाराला ठाऊक असतो. माझ्या मते आपला पहिला हॉलमार्क हाच. पुढे सोनार स्वतःच ठशांवर पुतळ्या पाडू लागले, तेव्हा दागिना राहिला, पण हमी गेली.

‘हॉलमार्क’ हा शब्द लंडनचा. तिथल्या सोनारांना १४७८ पासून आपला माल गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये नेऊन तपासून घ्यावा लागे, म्हणून हॉलचा मार्क.

आपल्याकडे सरकारनं शुद्धतेत मोठा हात घातला तो मात्र उलट्या बाजूनं. चीन युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं: चौदा कॅरेटपेक्षा शुद्ध नवा दागिना घडवायचा नाही. म्हणजे जेमतेम ५८.५ टक्के सोनं. देशभर सोनारांच्या भट्ट्या थंडावल्या. १९६६ मध्ये ही अट उठली. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा मात्र १९९० पर्यंत टिकला.

माझ्या आजीचं लग्न त्याच मधल्या वर्षांतलं. पुढे तिची एकदाणी मोडायला नेली की सराफ आधी लग्नाचं साल विचारायचा, आणि साल कळलं की भाव उतरायचा. चोरून बावीसचं घडवणारेही तेव्हा होते. पण हे चौदाचं की बावीसचं, हे सांगणारं त्या एकदाणीवर काहीच नव्हतं.

बीआयएसचं सोन्याचं हॉलमार्किंग २००० साली सुरू झालं, तेही ऐच्छिक. सक्ती १६ जून २०२१ पासून, आधी २५६ जिल्ह्यांत. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी नसलेला हॉलमार्कचा दागिना दुकानदाराला विकता येत नाही. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाकला की दागिना कुठे तपासला आणि किती शुद्ध, ते फोनवर दिसतं. ‘९१६’ म्हणजे बावीस कॅरेट. कस आता दागिन्यावरच लिहिलेला असल्यानं अनोळखी दुकानातही मोडताना बोलणी वजनापासून सुरू होते. घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी मात्र परत मिळत नाही. ते पैसे घेतानाच गेलेले असतात. छापापेक्षा सोनं हलकं निघालं, तर विकणाऱ्यानं फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च द्यायचा, असा २०१८ चा नियम आहे.

आजीच्या एकदाणीसारखं बिनछापाचं सोनं मोडायला बंदी नाही. मान्यताप्राप्त केंद्रात चार नगांपर्यंत २०० रुपयांत तपासणीही होते. फक्त हे दुकानदाराला सांगायची वेळ येते तेव्हा घरात दवाखाना चालू असतो, आणि केंद्र असतं शहरात.

दोन सवलती मला जास्त खटकतात. ज्याची वार्षिक उलाढाल ४० लाखांपर्यंत आहे, त्या दुकानाला सक्ती नाही. आणि दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्यालाही नाही. छोट्या सोनाराचा खर्च वाचावा, हा हेतू समजतो. पण बीड जिल्ह्यातून दर हिवाळ्यात ऊसतोडीला जाणाऱ्या किती बायकांच्या अंगावर दोन ग्रॅमपेक्षा जड एक नग असतो? मंगळसूत्राच्या दोन वाट्या, चार मणी, एक फुली. हंगाम वाईट गेला की आधी हेच मोडलं जातं, आणि त्याचा कस अजून कसोटीच्या दगडावरच ठरतो.